चोरदरवाजा की खिंडार?



विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनी विचारलं, ‘साहित्याच्या व्याख्यानमालेत संगणकसुरक्षा?’ मी म्हटलं, विषय संगणकाचा कमी आणि एका शब्दाचा जास्त आहे. त्या शब्दाने माझी फजिती केली. ती आधी सांगतो.

१३ जानेवारी २०१७ रोजी लंडनच्या ‘गार्डियन’ने बातमी दिली की व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘बॅकडोअर’ आहे. त्या वेळी मी वडोदऱ्यातल्या एका छोट्या नियतकालिकात संगणकाचं पान सांभाळत होतो. पत्र नामांकित, आमचा अंक छपाईला जायच्या बेतात. मी बातमी उचलली आणि मथळ्यात झोकात लिहिलं, ‘चोरदरवाजा’. अस्सल मराठी शब्द सापडला याचाच आनंद.

अंक निघाल्यावर दांडिया बाजारात एक निवृत्त मास्तर भेटले. मुलगा परदेशी. ‘तुमचं वाचलं आणि व्हॉट्सअ‍ॅप काढूनच टाकलं. आता त्याला साधा एसएमएस करतो. बँकेचं वगैरे त्यातच लिहितो.’ मला घाम फुटला. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६पर्यंत सगळ्या संदेशांना असं कुलूप लावलं होतं, की किल्ली फक्त दोन टोकांच्या फोनांत. एसएमएसला ते कुलूप नाही. मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत तो वाचता येतो. म्हणजे मास्तरांना मी माजघरातून उठवून ओसरीवर आणून बसवलं होतं.

मुळात घडत काय होतं? तुम्ही संदेश पाठवलात, पण समोरच्याचा फोन बंद आहे. तेवढ्यात त्याने फोन बदलला. नव्या फोनाबरोबर किल्लीही नवी. अडकलेला संदेश व्हॉट्सअ‍ॅप नव्या किल्लीने पुन्हा कुलूपबंद करून आपोआप पाठवतं. किल्ली बदलल्याची सूचना तुम्हाला मिळते ती नंतर, आणि तीही तुम्ही तशी सोय चालू ठेवली असेल तर. ‘सिग्नल’ नावाचं दुसरं अ‍ॅप अशा वेळी थांबून पाठवणाऱ्याला विचारतं. हिरकणीच्या गोष्टीतल्या पहारेकऱ्यासारखं: वेळ झाली, दरवाजा बंद, कोण आलंय ते सांगू नका. लोक फोन आणि सिमकार्डं वारंवार बदलतात, त्यांचे निरोप वाटेत हरवू नयेत, असं व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणणं. सर्व्हर ताब्यात असलेला कुणी खोटी किल्ली पुढे करील, हा धोका कल्पनेतला नव्हे. पण तो न पोहोचलेल्या संदेशांपुरता.

आता शब्दाकडे या. गडाचा चोरदरवाजा बांधणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला असतो. त्याला ठाऊक असतो, इतरांपासून लपवलेला असतो. खिंडार पडतं, ते कुणी ठेवत नाही. आणि दिंडी रात्री किती उशिरापर्यंत उघडी ठेवायची, हा तर किल्लेदाराचा निर्णय. त्यावर वाद घालता येईल. तीन वेगळ्या गोष्टी. पहिलीत कट आहे, दुसरीत चूक, तिसरीत तडजोड. बातमी तिसरीची होती, नाव पहिलीचं लागलं.

जैनेप तुफेकची यांनी ‘गार्डियन’ला लिहिलेल्या खुल्या पत्रावर सत्तरच्या वर सुरक्षातज्ज्ञांनी सह्या केल्या. लोक घाबरून याहून असुरक्षित साधनांकडे वळतील, ही त्यांची मुख्य तक्रार. दांडिया बाजारात नेमकं तेच झालं होतं. जूनमध्ये त्या पत्राचे वाचक-संपादक पॉल चॅडविक यांनी बातमीची चिकित्सा छापली आणि आपलं पत्र चुकलं हे स्पष्ट म्हटलं. ‘बॅकडोअर’ हा शब्द काही तासांतच मागे घेतला होता, पण पुरता नाही, हेही त्यांनी नोंदवलं. बातमी रद्द न करता दुरुस्त करावी, असा त्यांचा निर्णय. मला तो थोडा सौम्य वाटला. पण आपल्याच पत्राची अशी झडती आपल्याच पानावर छापायला छाती लागते.

जुन्या मराठी पुस्तकांत शेवटी शुद्धिपत्र असे. पान अमुक, ओळ तमुक, अशुद्ध, शुद्ध. आज पडद्यावरचा मजकूर गुपचूप बदलतो आणि काल काय लिहिलं होतं याचा मागमूस राहत नाही. सुरक्षेच्या लेखनात हे फार वाईट, कारण वाचकाने त्यावरून कृती केलेली असते: अ‍ॅप काढलेलं असतं, पासवर्ड बदललेला असतो. त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी?

याच शहरात सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांसाठी ‘शासनशब्दकल्पतरू’ करवून घेतला. १९३१ साली तो छापला गेला. एका इंग्रजी शब्दासमोर अनेक भाषांतले प्रतिशब्द. कारकुनाने चुकीचा शब्द लिहिला तर रयतेच्या कामाचा घोटाळा होतो, ही त्यामागची काळजी. मी मात्र कानाला गोड लागला म्हणून शब्द घेतला. तंत्र जाणणाऱ्या एकाला फोन करून ‘हा दरवाजा कुणी ठेवला?’ एवढं विचारलं असतं, तरी मथळा बदलला असता.

पुढच्या अंकात आम्ही पहिल्याच पानावर, बातमीच्याच आकाराच्या टायपात दुरुस्ती छापली. संपादकांची कुरकुर झाली, कारण त्या जागेची जाहिरात गेली. मास्तरांकडे मी अंक घेऊन स्वतः गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. ‘मग आता ते परत घालून द्या. आणि ती किल्लीची सूचना म्हणालात, तीही चालू करा.’