सायकल आपलीच हवी

माझी भाची परिचारिका आहे. ब्रिटनमध्ये नोकरी करायची म्हणून तिने आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दिली. तिथल्या परिचर्या परिषदेला बोलण्यात नऊपैकी किमान ७ गुण लागतात. हिला मिळाले साडेसहा. अर्ध्या गुणावर सगळं अडलं. पुन्हा हजारोंची फी, आणि घर तर तिच्याच पगारावर चाललेलं.

"मामू, तुम्ही मला प्रश्न विचारा," ती म्हणाली. मी मराठीत कविता लिहिणारा बी.ए. माणूस, माझं इंग्रजी बेताचंच. पण प्रश्न पुस्तकात छापलेले होते. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. आधी स्वतःबद्दलचे साधे प्रश्न. मग हाती एक कार्ड देतात. मिनिटभर विचार करायचा आणि त्या विषयावर दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. शेवटी थोडी खोलवर चर्चा.

पुस्तक उघडलं तर विषय निघाला सायकल. मी विचारलं, "लहानपणी सायकल चालवायचीस का?" "यस," ती म्हणाली आणि गप्प बसली. "सायकलचे फायदे काय?" यावर मात्र धडाधड उत्तर आलं. प्रदूषण होत नाही, व्यायाम होतो, इंधन वाचतं. क्लासने दिलेलं उत्तर तोंडपाठ होतं. असं पाठांतर परीक्षकांच्या चटकन लक्षात येतं. त्यांची तशी तयारीच करून घेतलेली असते.

मी पुस्तक मिटलं. "सायकल कशी शिकलीस ते आधी आपल्या घरच्या बोलीत सांग," म्हटलं.

मग ती थांबेना. तिचे अब्बा पहाटे सायकलवरून घरोघरी पाव द्यायचे. मुलीनं सायकल कशाला शिकायची, असं मोहल्ल्यात सगळ्यांचं म्हणणं. म्हणून ही शुक्रवारी अब्बा नमाजला गेले की त्यांची सायकल हळूच काढायची. सीटवर पाय पोचत नसत. दांड्याखालून पाय घालून अर्धं पायडल मारायची. नमाज सुटायच्या आत सायकल जागेवर ठेवायची. एका शुक्रवारी चाक पंक्चर झालं. ही सायकल ढकलत येते आहे आणि समोरून अब्बा! ते काही बोलले नाहीत. तिला तसंच दुकानात घेऊन गेले आणि पंक्चर कसं काढतात ते शिकवलं. दुसऱ्या दिवसापासून सायकल उघडपणे मिळू लागली. पुढे अकरावी-बारावीची दोन वर्षं ती सायकलवरूनच गेली.

"हेच आता इंग्रजीत सांग," मी म्हटलं.

"मामू, शब्द कुठून आणू?"

मग दोघं मोजायला बसलो. हँडल, ब्रेक, चेन, पायडल, सीट, कॅरिअर, मडगार्ड, रिम, ट्यूब, पंप. सगळे इंग्रजीच शब्द! जे कधी शाळेत गेले नाहीत, ते सायकल दुरुस्त करणारेही हे शब्द रोज बोलतात. अडचण असते ती क्रियापदांची. आपण पंक्चर 'काढतो', म्हणून मीच तिला 'रिमूव्ह' सांगून बसलो होतो. शब्दकोश पाहिला, तर इंग्रजीत पंक्चर 'मेंड' करतात. आपण हवा 'भरतो', ते चाक 'पंप अप' करतात. आपलं 'डबल सीट' तिकडच्या माणसाला कळेलच असं नाही. त्यापेक्षा 'मैत्रीण माझ्या मागे बसली' असं सरळ सांगावं.

या परीक्षेत ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींना सारखंच वजन असतं. मत बरोबर की चूक याला गुण नाहीत. मग स्वतःची हकीकत सांगण्याचा फायदा काय? फायदा असा, की पुढे काय झालं हे आठवावं लागत नाही. भूतकाळ आपोआप येतो, आणि परीक्षकाने मध्येच उपप्रश्न विचारला तरी माणूस गडबडत नाही.

चर्चेच्या भागासाठी मी विचारलं, "सायकलने मुलींच्या आयुष्यात काय फरक पडतो?" पूर्वी वाचलेलं तिला सांगितलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेच्या जोडीनं हजारो बायका सायकल शिकल्या. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींसाठी सरकारने सायकल योजना सुरू केली. पुढचं तिने स्वतःच जोडलं. मोहल्ल्यापासून कॉलेज सहा किलोमीटर होतं. सायकल नसती, तर ती नर्स झाली नसती.

एका संध्याकाळी ती अडखळत का होईना, पूर्ण दोन मिनिटं बोलली. उंबऱ्याशी बसून तिचे अब्बा ऐकत होते. तिसरीपर्यंतच शिकलेले. मी विचारलं, "दुल्हेभाई, काही कळलं का?"

"सब समज्या मेरेकू," ते म्हणाले. "सायकल मेरीच थी ना!"

दुसऱ्या खेपेला परीक्षकाने सायकलचं नावही काढलं नाही. कार्डावर विषय होता शेजाऱ्यांचा. सायकलबद्दल तिला नावं ठेवणाऱ्या शेजारणीची हकीकत तिने सांगितली. तीच शेजारीण पुढे रात्री-अपरात्री इंजेक्शनसाठी हिचं दार ठोठवायची. या वेळी बोलण्यात ७ गुण मिळाले.

तुमच्या घरात कुणी अशी परीक्षा देत असेल, तर नोट्स जरूर वाचू द्या. पण रोज दहा मिनिटं समोर बसा आणि विचारा, "तुझं काय झालं होतं, ते सांग." तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल.