डावा हात

खेळाडूचे मोठेपण आपण बहुधा आकड्यांनी मोजतो. लॉस एंजेलिसच्या लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या हँक गॅदर्सचे आकडेही थोर होते. १९८८-८९ च्या हंगामात गुण व रिबाउंड या दोन्हींच्या सरासरीत तो अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये पहिला आला. चाहत्यांच्या मनात मात्र एक डावा हात राहिला आहे.

हँक मूळचा उजवा. फ्री थ्रो वारंवार चुकत, म्हणून तो ते डाव्या हाताने टाकू लागला. हृदयाचा विकार आढळल्यावरही तो खेळत राहिला आणि ४ मार्च १९९० रोजी भर सामन्यात कोसळून तेविसाव्या वर्षी गेला. दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच राष्ट्रीय स्पर्धेत त्याचा शाळेपासूनचा सोबती बो किंबल याने आपला पहिला फ्री थ्रो मुद्दाम डाव्या हाताने टाकला. चेंडू जाळीतून गेला. संघ अखेरच्या आठांत पोहोचला.

२०२० मध्ये विद्यापीठात हँकचा पुतळा उभा राहिला. त्याला वंदन करताना एवढे स्मरावे, की आपल्या टाळ्यांहून खेळाडूचा श्वास मोलाचा असतो.