रेक्झिनखालचे वेंगुर्ले
(मंडळाच्या छंद-व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीपासून नाट्यसंगीतापर्यंत अनेक विषयांवर विद्वानांची भाषणे झाली आहेत. मी केंद्र सरकारच्या फायलींत आयुष्य घालविलेला साधा पदवीधर. मला सांगता येण्याजोगे एवढेच, की मोटारीतील स्पीकरच्या लाकडी पेटीवर, तिच्यावरील उठावाच्या अक्षरांसकट, रेक्झिन कसे चढवावे. विषय हलका वाटल्यास क्षमा असावी. मला मात्र त्याने एक उन्हाळा नीट झोपू दिले नाही.

रेक्झिन हे मूळचे एका इंग्रज कंपनीच्या मालाचे नाव. त्या काळी कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन ते बनवीत. आज त्याच नावाने आपण घेतो ते बहुधा व्हिनिल असते. खरेदी करताना रंगाआधी त्याची पाठ पाहावी. पाठीला साधे उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड असेल तर ते फारसे ताणत नाही. सपाट पेटीला ते चालते. बनियनसारखी वीण असेल तर चहूकडे ताणते, आणि अक्षरांसाठी तेच हवे.

माझा मुलगा दिल्लीतच जन्मला आणि वाढला. मराठी बोलतो, लिहिताना अडखळतो. गाडीच्या डिकीसाठी पेटी करून मागताना तिच्यावर आजीच्या गावाचे नाव असावे, असे त्यानेच सुचविले आणि कागदावर लिहून दिले : 'वेगुर्ले'. अनुस्वार मी घातला. करोलबागेत मोटारींच्या बैठका शिवणाऱ्या एका कारागिराला तो कागद दाखविला, तेव्हा तो म्हणाला, "साहब, यह बिंदी हटा दीजिए, माल नहीं बैठेगा." मला राग आला, पण त्याच्या धंद्याच्या दृष्टीने तो खरेच बोलत होता.

रोमन अक्षरे सुटी उभी राहतात, आपली शिरोरेषेला लोंबतात. त्यातून या एका नावात साऱ्या अडचणी एकत्र आलेल्या. 'वे'वर मात्रा आणि अनुस्वार, 'गु'खाली उकार, 'ले'वर मात्रेला खेटून रफार! रेक्झिन डोंगरावर सहज चढते, दरीत उतरत नाही. दोन उठावांमधील जागा अरुंद असली की ते वरच्यावर तंबूसारखे ताणून बसते.

मी हट्टाने सहा मिलिमीटर जाडीच्या फळीतून अक्षरे कापली, गरम हवेच्या यंत्राने रेक्झिन मऊ केले आणि ओढून बसविले. हिवाळाभर पेटी देखणी दिसली. मे महिन्यात उन्हात बंद ठेवलेल्या गाडीतील हवा ६० अंशांपर्यंत तापते. ताणलेले व्हिनिल ऊब मिळताच मूळ आकाराकडे परतू पाहते, आणि त्याच उबेने डिंकाची पकडही सैल होते. पंधरवड्यात मात्रा आणि अनुस्वार एकाच फुगवट्याखाली गडप झाले. आई काठी टेकीत गाडीमागे आली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "गावाला गालगुंड झाले की काय रे?"

दुसऱ्या खेपेस उंची तीन मिलिमीटरवर आणली, कडा कानशीने उतरत्या केल्या आणि कोणत्याही दोन रेषांमध्ये उंचीच्या तिप्पट तरी मोकळी जागा सोडली. साहजिकच नाव मोठे झाले. पेटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेले. या वेळी अक्षरे मुलाने स्वतः आलेखाच्या कागदावर आखली. अनुस्वार त्याने आधी काढला. तो आम्ही हरभऱ्याच्या डाळीसारखा फुगीर घडविला. अक्षरे फळीला पक्की चिकटवावीत. सैल राहिलेले अक्षर खर्जाच्या स्वराबरोबर स्वतःही गुणगुणू लागते.

फेविकॉल एसआर ९९८ सारखा रबरी डिंक दोन्ही अंगांना पातळ लावावा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, दहा-पंधरा मिनिटे, स्वस्थ बसावे. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. ओला असतानाच जोडला तर आत कोंडलेली वाफ पुढे फुगे आणते. काम खिडक्या उघड्या ठेवून करावे, आणि ओल्या डिंकाजवळ गरम यंत्र मुळीच आणू नये. ती वाफ पेट घेते.

मग मधल्या अक्षरापासून बाहेर जावे. आधी दरी, मग डोंगर. गोल टोकाच्या बांबूच्या काडीने प्रत्येक खोलगट जागा थोड्या उबेने दाबून घ्यावी, माथा नंतर. माथा आधी चिकटला की दरी फक्त ताणानेच गाठता येते, आणि ताण उन्हाळ्यात दगा देतो. फार तापविल्यास रेक्झिनचा रवा जाऊन चकाकी येते. स्पीकरच्या भोकाशी चांदणीसारखे काप देऊन पाकळ्या आत दुमडाव्यात. जोड तळाशी घ्यावा म्हणजे दिसत नाही.

दोन उन्हाळे झाले. रफार गेल्या जूनमध्ये किंचित सुटला होता, तो पुन्हा दाबून बसविला. अनुस्वार जागचा हललेला नाही. करोलबागेतील त्या कारागिराने त्यावरून बोट फिरविले आणि काडी किती जाड होती, एवढेच विचारले. पेन्सिलीएवढी, मी सांगितले.

पेटी बाहेर गाडीत आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याबरोबर यावे.