नाट्यगृह कोणासाठी?

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचा रंगमंच आणि छप्पर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. शहर हळहळले, शासनाने पुनर्बांधणीची घोषणा केली. परंतु भिंती उभ्या राहिल्या म्हणजे नाट्यगृह परत मिळाले, असे होत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ या नावाने ते उभारले, तेही खासबागेच्या कुस्ती-मैदानाला लागून. १९०२ साली नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखणाऱ्या या राजाने मल्ल आणि नट यांना शेजारी बसविले. कला ही मूठभरांची मिरास नव्हे, हाच त्याचा अर्थ. पुढे राजवाड्याचे नाव जाऊन त्याला एका नटाचे नाव मिळाले. बालपणीच नाटक कंपनीत गेलेल्या केशवरावांनी १९०८ साली ‘ललितकलादर्श’ स्थापिली आणि १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसमवेत ‘संयुक्त मानापमान’ केले.

म्हणून खरा प्रश्न खुर्च्यांचा वा दिव्यांचा नाही. भाड्याचा आणि तारखांचा आहे. हौशी संस्थेला, शाहिराला, कामगारांच्या नाटकाला परवडेल असे भाडे तेथे राहील काय? की समारंभांनाच तारखा मिळतील? नाट्यगृह लोकांच्या पैशाने उभे राहणार असेल, तर त्याचे दरपत्रकही लोकांसमोर ठरले पाहिजे. ही मागणी कोल्हापूरकरांनी पडदा उघडण्यापूर्वीच केली पाहिजे.