दंडाची वही

(आपल्या संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेले भाषण. शक्यतो बोलल्याप्रमाणेच छापले आहे.)



मला सांगितलं होतं की गटाच्या यशाबद्दल बोला. यशाबद्दल मागच्या वर्षी बोलून झालंय. आज मी दंडाबद्दल बोलणार आहे. ज्यांच्या गटात दंड नाही त्यांनी हात वर करा बरं. बघा, एकही हात नाही!

आमच्या गटात बारा जणी. बैठक दर महिन्याच्या १० तारखेला, संध्याकाळी ७ वाजता. सात म्हणजे आठ, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून आम्ही ठराव घेतला. उशिरा आली तर ५ रुपये, आलीच नाही तर १० रुपये. पहिले दोन महिने सगळ्या वेळेवर. आम्हाला वाटलं, जिंकलो. तिसऱ्या महिन्यात एकीचा मुलगा दारात उभा. हातात एकशे दहा रुपये. म्हणाला, "आईनं शंभर बचतीचे अन् दहा दंडाचे दिलेत." पुढच्या महिन्यात अशी तीन पोरं आली.

आता गंमत बघा. दंड नव्हता तेव्हा बैठक चुकवलेली बाई दुसऱ्या दिवशी नळावर भेटली की स्वतःहून म्हणायची, "काल जमलं नाही गं, काय ठरलं?" दंड आल्यावर ते विचारणं बंद झालं. पैसे भरलेत ना, मग फिटलं. चुकल्यासारखं वाटायचं, ते आम्हीच दहा रुपयांत मिटवून टाकलं.

मी एका प्रशिक्षणात हे बोलले, तेव्हा शिकवणाऱ्या मॅडमनी इस्राएल देशातली एक गोष्ट सांगितली. तिथं हैफा नावाचं शहर आहे. तिथल्या दहा पाळणाघरांत दोन अभ्यासकांनी २० आठवडे नोंदी ठेवल्या. आईबाप मुलांना न्यायला उशिरा यायचे आणि बाईंना ताटकळत थांबावं लागायचं. त्यातल्या सहा पाळणाघरांत नियम केला, दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर त्यांच्याकडचे १० शेकेल दंड. उशीर कमी झाला असेल? नाही. वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी आईबापांना वाटायचं, बाई आपल्यासाठी थांबल्यात, पळत जाऊ. दंड आल्यावर वाटायला लागलं, थांबण्याचे पैसे देतोय की आपण. पुढं तो दंड काढून टाकला, तरी उशीर काही पहिल्याइतका खाली आला नाही. हा अभ्यास २००० साली छापून आला. मला तर ऐकताना आमचीच बैठक डोळ्यासमोर दिसत होती.

म्हणजे दंड नकोच का? मी तसं म्हणत नाही. एसटीत तिकीट नसलं तर दंड बसतो, म्हणून आपण तिकीट काढतोच. पण तो सगळ्यांना बसतो, लगेच बसतो, आणि तपासनीस कोणाची नणंद-जाऊ नसतो. आपल्या गटात काय होतं? घरी गेल्यावर मी दोन वर्षांची दंडाची वही काढून बसले. ही वही मीच लिहिते. त्यात माझ्या नावापुढं एकदाही दंड नाही. मी कधी उशिरा गेले नाही असं नाही हो. अध्यक्षताईंच्या नावापुढं एकदा. आणि सगळ्यात जास्त वेळा कोण? गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारी एक ताई. दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून सहाला सुटायची, दीड मैल चालत यायची, चूल पेटवून पोरांना घालायची, मग बैठकीला. दंड सगळ्यांना सारखा होता, पण दहा रुपये सगळ्यांना सारखे नव्हते.

तिचं पुढचं सांगते. सांगायला जड जातंय, पण त्यासाठीच मी उभी राहिले आहे.

तिनं गटातून आठ हजार अंतर्गत कर्ज घेतलं होतं. नवरा आजारी पडला, तीन हप्ते चुकले. आमचा ठराव होता, हप्ता चुकला की ५० रुपये दंड. लिहिले. तीनही वेळा मीच लिहिले. चौथ्या महिन्यापासून ती यायचीच बंद झाली. आम्ही म्हणालो, बघा, बाई कर्ज बुडवायला निघाली. कोणाच्या डोक्यात आलं नाही की बैठकीला यायचं तर तिला बचत, मागचे-पुढचे हप्ते, व्याज आणि दंड, सगळं घेऊन यावं लागेल. दंड वाढेल तसा तिला दरवाजा लांब होत गेला. ती येऊन बसली असती, आपली अडचण बोलली असती, तर मार्ग निघाला असता. पण नुसतं येऊन बसायला आमच्या ठरावात जागाच नव्हती.

मग एक दिवस तिनं सगळे पैसे आणून दिले. दंडासकट! आम्ही टाळ्या वाजवल्या. थकबाकी शून्य झाली, गटाला 'अ' श्रेणी मिळाली, त्याच वर्षी याच सभेत आम्ही ढाल घेतली. तुमच्यापैकी काही जणींना आठवत असेल. पैसे आले कुठून, हे आम्हाला महिन्याभरानं कळलं. खासगी फायनान्सचं, आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेतलं होतं तिनं. आमचं फेडायला. नंतर गट सोडला.

श्रेणी मिळाली नसती तर आम्ही तेव्हाच विचारलं असतं का, की पैसे कुठून आणलेस? मला वाटतं, विचारलं असतं. बक्षीस समोर दिसत होतं म्हणून विचारलं नाही. बक्षिसाचं असंच असतं, माणूस कामाकडं कमी आणि ढालीकडं जास्त बघायला लागतो. २००३ साली सरकारनं निर्मल ग्राम पुरस्कार आणला, तेव्हा आपल्याकडं गावोगाव केवढा जोर आला होता. सकाळी शिट्टी वाजवत गुड मॉर्निंग पथक फिरायचं. पुरस्कार घेऊन आलेल्या काही गावांत पुढं लोक पुन्हा बाहेर जायला लागले, संडासात सरपण आणि गोवऱ्या भरल्या. जिथं बायांनी पाण्याची सोय करून घेतली, तिथं ते टिकलं.

आता आयांसाठी एक. अमेरिकेत १९७३ साली बालवाडीच्या मुलांवर झालेला अभ्यास आहे. आवडीनं चित्रं काढणाऱ्या मुलांना सांगितलं, चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. मिळालं. थोड्या दिवसांनी बघितलं, तर त्या मुलांचा चित्रातला वेळ बाकीच्यांच्या निम्म्यावर आला होता. ज्यांना न सांगता अचानक दिलं, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. म्हणून पोरगं आपणहून वाचत असेल तर 'वाचलंस तर पाच रुपये देईन' म्हणू नका. भांडी घासायला लावायला पाच रुपये द्यायचे का, ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या घरी तर त्यानंही जमलं नाही.

आमच्या गटानं पुढं काय केलं, ते थोडक्यात. बैठक साडेआठला नेली, जेवणं झाल्यावर. आधी निरोप दिला तर दंड नाही. निरोप न देता चुकवली तर दंड आहेच, शिवाय पुढच्या बैठकीत स्वतः येऊन कारण सांगायचं, पोराच्या हाती पैसे चालणार नाहीत. हप्ता चुकला तर आधी दोघींनी घरी जायचं, काय झालंय ते बघायचं, आणि गरज असेल तर ठराव करून मुदत वाढवायची. दंडाची वही आता दर तीन महिन्यांनी हात बदलते. पहिल्याच फेरीत माझ्या नावावर दोन दंड लागले. एक ताई अजूनही उशिराच येते आणि हसत हसत ५ रुपये ठेवते. तिच्यावर आमच्याकडं उपाय नाही.

वस्तीवरच्या ताईकडं मी मागच्या महिन्यात गेले होते. तिच्या दंडाचे दीडशे रुपये गटानं परत करायचा ठराव केला होता, ते घेऊन. तिनं चहा ठेवला, नवऱ्याच्या तब्येतीचं बोलली. पैसे घेतले नाहीत. म्हणाली, "राहू द्या तुमच्याकडं." परत येशील का, हे विचारायचं माझ्या ओठावर होतं, पण विचारलं नाही. ते दीडशे रुपये गटाच्या पेटीत वेगळ्या पाकिटात ठेवलेत. येत्या १० तारखेला आम्ही तिघी जणी पुन्हा जाणार आहोत.