तात्पुरता निवारा : किल्लारी ते इर्शाळवाडी

(मंडळाच्या वर्षावास कार्यक्रमात, रिसोड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाने निवाऱ्यावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आम्ही इंजिनिअर नाही, कला शाखेचे पदवीधर आहोत. परंतु घर पडलेल्या माणसाची पहिली गाठ तलाठ्याशी पडते आणि दुसरी बँकेच्या खिडकीशी. त्या खिडकीच्या आत बसून जे पाहिले आणि पुढे जे वाचले, तेवढ्याच अधिकारावर आज बोलणार आहोत.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्री उशिरा निजलेली गावे पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. आम्ही तेव्हा शाळकरी होतो आणि रिसोड अकोला जिल्ह्यात होते. वस्तीतून जुने कपडे आणि ज्वारी गोळा करून पाठविल्याचे आठवते. गाठोडी बांधताना एक म्हातारी म्हणाली होती, "लुगडं तर धाडलं रे बाबू, पण ते नेसून बाई बसन कुठं?" या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

किल्लारी परिसरातील घरे दगड-मातीची. भिंती जाड, माळवदावर मातीचे थरावर थर. उन्हाळ्यात असे घर थंड राहते. म्हणूनच पिढ्यान् पिढ्या लोकांनी तसे बांधले. पण भूकंपात तेच ओझे निजलेल्या माणसांवर कोसळले. त्यानंतर लोकांना दगडी भिंतीची धास्ती बसली. शासनाने आणि संस्थांनी पत्र्याची शेड उभी केली. पत्रा हलका, अंगावर पडला तरी जीव वाचेल, ही त्यामागची भूमिका बरोबर होती. परंतु पत्रा उन्हात लगेच तापतो आणि ती सगळी धग आत सोडतो. थंडीत तितक्याच लवकर गार पडतो. मराठवाड्याचा काय किंवा आपल्या वऱ्हाडचा काय, चैत्र-वैशाखातला पत्रा कसा असतो, हे येथे बसलेल्या पुष्कळांना सांगण्याची गरज नाही. कित्येक कुटुंबांनी त्या 'तात्पुरत्या' शेडमध्ये दोन-दोन, तीन-तीन वर्षे काढली.

भिक्खूंच्या चार गरजांत चीवर, भोजन आणि औषधाबरोबर सेनासन, म्हणजे निवासस्थान, सांगितले आहे. ते कशासाठी वापरावे, हेही विनयात स्पष्ट आहे : थंडी, ऊन, वारा, डास-माश्या आणि सरपटणारे जीव यांपासून रक्षण व्हावे म्हणून. मित्रहो, निवाऱ्याची यापेक्षा नेमकी व्याख्या आमच्या वाचनात आलेली नाही. या कसोटीवर पत्र्याचे शेड लावून पाहिले, तर ते पावसाच्या परीक्षेत पास होते आणि उन्हाच्या परीक्षेत नापास होते.

मग उत्तर काय? हल्ली जगभर सुट्या भागांच्या घरांची चर्चा आहे. भाग आधी तयार ठेवायचे आणि संकट आले की नेऊन जोडायचे. ही कल्पना आपल्याला अपरिचित नाही. १४ एप्रिलचा मांडव एका रात्रीत उभा राहतो तो असाच. पाइप, क्लॅम्प, पत्रे, कनाती. कार्यक्रम संपला की सगळे ट्रॅक्टरवर. प्रश्न एवढाच की मांडवाखाली चार तास बसायचे असते, निवाऱ्यात चार ऋतू काढायचे असतात.

१७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे शहरात भूकंप झाला. वास्तुशिल्पी शिगेरू बान यांनी तेथे कागदाच्या जाड नळ्यांच्या भिंती असलेली छोटी घरे उभारली. पायाला वाळू भरलेले बाटल्यांचे क्रेट वापरले. ती घरे प्रथम मिळाली मूळच्या व्हिएतनामी निर्वासित कुटुंबांना, म्हणजे त्या शहरात ज्यांचे कोणी नव्हते त्यांना. २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर बान यांनी भुजमध्येही असे घर बांधले. तेथे पायासाठी पडलेल्या घरांचाच राडारोडा वापरला. जे जवळ मिळते तेच वापरावे, हा त्यातील धडा आहे.

दुसरे उदाहरण लडाखचे. ऑगस्ट २०१० मध्ये लेह येथे ढगफुटीने २०० हून अधिक माणसे गेली आणि अनेकांची मातीची घरे वाहून गेली. तेथे हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली २० अंशांपर्यंत उतरतो. त्यामुळे दोन-तीन महिन्यांत डोक्यावर छप्पर आले नाही तर पुरातून वाचलेला माणूस थंडीने जाईल, अशी स्थिती होती. त्याच लडाखात सोनम वांगचुक यांनी २०२१ मध्ये जवानांसाठी सूर्याच्या उष्णतेवर गरम राहणारा तंबू तयार केला. त्याचे सुटे भाग प्रत्येकी ३० किलोच्या आत होते, म्हणजे एका माणसाला उचलून नेता यावेत असे. दिवसाचे ऊन साठवून ते रात्री वापरायचे, ही त्यातील युक्ती.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, हवा बदलली की निवारा बदलला पाहिजे. लेहला ऊन आत घ्यायचे, रिसोडला ते बाहेर ठेवायचे. आपल्याकडे हे काम तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड करू शकतो. कूड हलका असतो, पडला तरी चिरडत नाही, शेणामातीने सारवला की धग अडवतो. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून तट्ट्याचे छत बांधले, वरून चुन्याचा पांढरा हात दिला आणि समोरासमोर दोन झरोके ठेवले, तर तेच शेड राहण्याजोगे होते. खर्च थोडा आहे. विचार मात्र आधी केला पाहिजे, आणि विस्तवापासून हे छत जपले पाहिजे.

आधीच, कारण 'तात्पुरते' हा शब्द फसवा आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. १५१ माणसे दगावली. वाचलेल्यांना नव्या गावातील घरे मिळाली एप्रिल २०१७ मध्ये. मधली सुमारे पावणेतीन वर्षे तात्पुरत्या शेडमध्ये गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी ही आदिवासी ठाकर बांधवांची वाडी गेली. वाचलेल्या कुटुंबांना चौक येथे कंटेनरच्या घरांत ठेवले. पावसात ती लवकर उभी राहिली, हे श्रेय दिलेच पाहिजे. पण इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. मदत करणाऱ्यांना डोंगर पायी चढावा लागला. कंटेनरला मात्र रस्ता लागतो, क्रेन लागते. शिवाय लोखंडाची पेटी उन्हात काय होते, हे वेगळे सांगायला नको.

आता एक कटू गोष्ट. घर पाडताना निसर्ग जात पाहत नाही; घर देताना माणूस पाहतो. किल्लारीच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. घराचा आकार ठरला जमिनीवरून : भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट, मधल्यास ४००, आणि ७ हेक्टरांवर ७५०. भूकंपापूर्वी ज्याच्याकडे कमी होते, त्याला भूकंपानंतरही कमीच. आपले बांधव बहुतेक कोणत्या रकान्यात आले असतील, हे तुम्ही जाणता. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतील नागपट्टिणम भागात दलित कुटुंबांना छावण्यांतून बाजूला ठेवल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदविल्या.

पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याचे कलम ६१ पाठ करून ठेवण्याजोगे आहे : मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. याच कायद्याखाली २०१६ मध्ये किमान मानके ठरली. छावणीत माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा आणि ३० माणसांमागे एक शौचालय. पाच माणसांच्या कुटुंबास हे सुमारे १८८ चौरस फूट होते. हा आकडा विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावा. उद्या मोजायची वेळ आली तर टेप लावता येईल.

आणि ती वेळ येणार नाही असे समजू नका. २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. त्यांची थरथर आपल्या जिल्ह्यातही पोचली. पैनगंगा तर उशाशीच आहे.

शेवटी एक कबुली. काही वर्षांपूर्वी पुरात घर गेलेली एक बाई आमच्या खिडकीशी आली. मदतीची रक्कम नवऱ्याच्या खात्यावर जमा. नवरा आधीच वारलेला. मृत्यूचा दाखला घराबरोबर वाहून गेलेला. आम्ही म्हणालो, "दाखला आणा." ती गेली, दोन महिन्यांनी आली. तोवर लेकरांसह ताडपत्रीखाली राहिली होती. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी असते, अर्ज केला की दुसरी प्रत मिळते, हे सांगायला आम्हाला पाच मिनिटे लागली असती. आम्ही नियम मोडला नाही. पण नियमात राहून जे करता आले असते, तेही केले नाही. ते ओझे अजून मनावर आहे.

म्हणून मंडळापुढे चार सूचना ठेवतो. वस्तीतील म्हातारी, आजारी, अपंग आणि एकट्या बायांची यादी करावी. मंडळाच्या सभागृहात तातडीच्या वेळी किती माणसे मावतील, ते साडेतीन मीटरच्या हिशेबाने मोजून ठेवावे. जयंतीच्या मांडवाचे पाइप-पत्रे दुसऱ्या दिवशी विकू वा विखरू नयेत. ते मंडळाच्या नावे जपून ठेवावेत आणि विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा ते उभारून पाहावेत. आणि प्रत्येक घरातील दाखले, पासबुक, सातबारा वा घराचा नमुना आठ यांच्या प्रती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवाव्यात. त्या भरून देण्यासाठी दर रविवारी सकाळी आम्ही येथे बसू. पाच मिनिटे तेव्हा दिली नाहीत. ती आता देऊ.

त्या म्हातारीच्या प्रश्नाला आपल्या वस्तीपुरते तरी उत्तर तयार असावे, एवढीच अपेक्षा.

जयभीम! नमो बुद्धाय!