हजेरीपट कोणाच्या हाती?



संगणक आणि मोबाईल यांमुळे लोकशाही आपोआप बळकट होईल, असे आज वारंवार सांगितले जाते. समाजवादी कार्यकर्त्याने त्यावर एकच प्रश्न विचारावा : या यंत्रातून जनता सत्तेकडे पाहते की सत्ता जनतेकडे? रोजगार हमीच्या हजेरीपटाचा इतिहास या प्रश्नाचे मोल दाखवून देतो.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याचे रूप दिले. श्रमिकाला कामाचा हक्क मिळाला. परंतु हजेरीपटावर खोटी नावे घालून पैसे लाटण्याचा रोग या योजनेलाही जडला. कारण उघड होते. ज्याच्या नावाने पैसा निघे, त्याला तो कागद पाहावयास मिळत नसे.

या रोगावरील उपाय राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने शोधला. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराणा येथे सरकारी कामांच्या नोंदी भर सभेत वाचून दाखविण्यात आल्या. त्या वेळी आधार आधुनिक तंत्राचा नव्हता. होता तो कागदाचा आणि तो ऐकणाऱ्या गावाचा. अशा जनसुनवायांतून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला.

संगणकाचे खरे कार्य येथून सुरू झाले. हजेरीपट आणि मजुरीच्या नोंदी संकेतस्थळावर आल्या. २०१९ साली राजस्थान सरकारने 'जन सूचना पोर्टल' उघडले आणि अर्ज न करताही योजनांची माहिती नागरिकाला मिळू लागली. तंत्रज्ञान लोकशाहीची सेवा करते ती अशी.

परंतु तेच यंत्र उलट दिशेनेही वळविता येते. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांचे दिवसातून दोनदा छायाचित्र घेऊन ते मोबाईलवरून पाठविणे १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. जेथे मोबाईलचे जाळे पोहोचत नाही, तेथे दिवसभर माती उपसूनही हजेरी बुडण्याची पाळी मजुरावर आली. आणि भ्रष्टाचार थांबला काय? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कबूल करावे लागले की, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, एवढेच नव्हे तर छायाचित्रांचीच छायाचित्रे पाठविली जात आहेत! चोराने वाट काढली आणि कष्टकरी मात्र संशयित ठरला.

यात अर्थशास्त्राचा एक साधा सिद्धान्त आहे. कोणत्याही व्यवस्थेत चुकीची किंमत कोणी मोजावयाची, हे सत्तेच्या वाटणीवर ठरते. यंत्र बिघडले तर अधिकाऱ्याचा पगार थांबत नाही, मजुराची मजुरी थांबते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यातही बायोमेट्रिक ओळख आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर भर आहे. म्हणून हा प्रश्न आता अधिकच तातडीचा झाला आहे.

यंत्राला विरोध करणे हा समाजवाद्यांचा मार्ग नव्हे. मागणी स्पष्ट असावी : प्रत्येक नोंद मराठीत, सर्वांना पाहता येईल अशी असली पाहिजे, यंत्र बंद पडल्यास कागदावरील हजेरी ग्राह्य धरली पाहिजे, आणि अंतिम निर्णय ग्रामसभेचा असला पाहिजे.

परंतु मागणीने काम संपत नाही. पडद्यावरील माहिती स्वतःहून बोलत नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावाचा हजेरीपट उतरवून घ्यावा, ग्रामसभेत मोठ्याने वाचावा आणि प्रत्येक नावापुढे विचारावे : हा माणूस कामावर होता काय? त्याला दाम मिळाले काय? या प्रश्नाचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. ते गावच देऊ शकते.